अमेरिकन मोटारींचे ब्रेक आणि तुळजापूरचा घाट



तुळजापूर हे चढून यावयाचे गाव आहे. सोलापूरकडून येणारा रस्ता माळरानातून चालत येतो आणि गावाच्या तोंडाशी बालाघाटाच्या कडेला भिडतो. हा घाट खंडाळ्याच्या घाटासारखा लांब व अवघड नाही. परंतु त्याच्या माथ्यावर जगदंबेचे ठाणे असल्यामुळे महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही मुलखांतील माणसे पिढ्यानुपिढ्या तो चढत आली आहेत. येथेच घाटशीळ आहे. त्या शिळेवर उभे राहून देवीने श्रीरामचंद्रांना लंकेची वाट दाखविली, अशी आपल्याकडे कथा आहे. वाट दाखविणाऱ्या देवतेच्या गावात आज वाटेविषयीच, परंतु जरा निराळ्या अंगाने बोलावे असे मी योजिले आहे.

घाट चढणाऱ्याचे कौतुक सर्वजण करतात. उतरणाऱ्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मोटारीच्या बाबतीतही तसेच झाले. इंजिन किती ताकदीचे, वेग किती, एका गॅलनमध्ये ती किती मैल जाते, हे सारे लोकांना तोंडपाठ असे. ती थांबते कशी, हा प्रश्न ती न थांबली म्हणजेच विचारला जाई. आपल्या भागात पहिल्या पिढीच्या पुष्कळशा मोटारी अमेरिकन बनावटीच्या आल्या. त्यांचे ब्रेक कसे होते, ते कसे तपासले जात, झिजले म्हणजे कसे बदलले जात, आणि ही तपासणी हळूहळू रिवाज व मग कायदा कशी झाली, एवढाच आजचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, गाडी परदेशातून आली, परंतु ती घाटात विश्वासाला पात्र ठरली ती इथल्या कामगारांच्या हातच्या तपासणीमुळे.

प्रथम त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आगगाडी १८६० साली सोलापूरला आली. तेव्हापासून दूरचा यात्रेकरू सोलापुरास उतरे आणि पुढची सुमारे ४५ किलोमीटरांची वाट बैलगाडीने, टांग्याने किंवा पायी काटीत असे. वाटेत संस्थानची हद्द लागे, करोडगिरीच्या नाक्यावर सामानाची झडती होई, आणि नाण्याचा व्यवहारही बदले, कारण पलीकडे हाली सिक्का चाले. पुढे मोटारी आल्या. हैदराबाद संस्थानने जून १९३२ मध्ये आपल्या रेल्वेच्या आश्रयाने मोटार वाहतुकीचे खाते उघडले. आरंभी त्याच्याकडे २७ गाड्या होत्या. इकडे इंग्रजी मुलखात खासगी मालकांच्या ‘सर्व्हिस मोटारी’ धावत. एक फोर्ड किंवा शेव्हरोलेटची चासी घ्यावयाची, स्थानिक सुताराकडून तिच्यावर लाकडी बॉडी चढवावयाची, आणि आत बाके टाकून जितकी माणसे मावतील तितकी भरावयाची, अशी ती पद्धत होती.

अमेरिकन गाडीच का, याचे उत्तर किमतीत आहे. हेन्री फोर्डने १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही गाडी बाजारात आणली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती काढल्या. इतक्या संख्येने निघालेली वस्तू स्वस्त पडणारच. शिवाय ती उंच चाकांची होती, खराब रस्त्याला कुरकुर करीत नसे, आणि साध्या पान्यांनी खोलता येई. पुढे १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून यावेत आणि येथे जोडून शेव्हरोलेट गाडी बाहेर पडावी, असा तो व्यवहार होता. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईत तसाच कारखाना घातला. त्यामुळे गाड्या आणि त्यांचे सुटे भाग मुंबईत मिळू लागले आणि रेल्वेने सोलापूरपर्यंत येऊ लागले.

आता या गाडीच्या ब्रेककडे वळू. मॉडेल टीला पायाशी तीन पेडल होते. डावे गिअरचे, मधले उलट चालीचे आणि उजवे ब्रेकचे. परंतु उजवे पेडल दाबल्याने चाकावर काहीच होत नसे. गिअरपेटीत एका ढोलाभोवती सुती पट्टा बसविलेला असे, तो आवळला जाई. ढोल थांबला की मागच्या आसाकडे जाणारा दांडा थांबे आणि त्याच्या द्वारा मागची चाके थांबत. पुढच्या चाकांना ब्रेक मुळीच नव्हता. हातातला दांडा ओढला म्हणजे मागच्या चाकांतील लहान शू ढोलाला घासत, पण त्याचा खरा उपयोग उभी गाडी धरून ठेवण्यापुरता.

या रचनेत एक मोठा धोका होता. ब्रेक गिअरपेटीत आणि चाके तिकडे मागे. मधला दांडा, आस किंवा त्यातला एखादा दाता तुटला, तर पेडल कितीही दाबले तरी चाके मोकळीच राहत. मग हातब्रेकवाचून आधार नसे. दुसरे असे की, सुती पट्टा उतारावर एकसारखा दाबून धरला की जळे. म्हणून जाणते ड्रायव्हर घाटात ब्रेकवर विसंबत नसत. गाडी खालच्या गिअरात घालून इंजिनालाच ती आवरावयास लावीत. अगदीच गरज पडली तर उलट चालीचे पेडलही हलके दाबीत. ‘ज्या गिअरात घाट चढलात त्याच गिअरात उतरा’ हा आजही सांगितला जाणारा नियम अनुभवातून आलेला आहे.

त्यामागचे गणितही साधे आहे. चार टनांची भरलेली गाडी शंभर मीटर उंची उतरली असे धरा. तिची जी शक्ती आवरावयाची, ती उष्णतेच्या रूपाने कोठेतरी बाहेर पडलीच पाहिजे. ही उष्णता सुमारे बारा लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी भरते. ती सारी ब्रेकच्या पट्ट्यांत कोंडावयाची, की काही भाग इंजिनाकडे सोपवावयाचा, एवढेच ड्रायव्हरच्या हाती असते. वेगाचा हिशेब याहून कडक आहे. वेग दुप्पट झाला की आवरावयाची शक्ती चौपट होते.

मॉडेल टीनंतर अमेरिकन कारखानदारांनी ब्रेक झपाट्याने सुधारला. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ला चारही चाकांत ब्रेक होते. शेव्हरोलेटनेही १९२८ च्या गाडीला ते दिले. हे ब्रेक लोखंडी सळयांनी ओढले जात. त्यात अडचण अशी की, चारही सळया सारख्या ताणाच्या असल्या पाहिजेत. एक चाक आधी धरले की गाडी त्या बाजूला ओढ घेई. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी असताना अशी ओढ काय करील हे सांगावयास नको. म्हणून सळयांच्या गाड्यांत ब्रेक ‘सारखे करणे’ हे वारंवारचे काम होते. चारही चाके जॅकवर उचलावयाची, एकाला पेडल दाबून धरावयास सांगावयाचे, आणि प्रत्येक चाक हाताने फिरवून कोणते सैल, कोणते घट्ट ते पाहावयाचे. उपकरण म्हणाल तर माणसाचा हात हेच.

याच सुमारास दुसरी एक कल्पना पुढे आली. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला तर तो सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धांत सतराव्या शतकापासून माहीत होता. माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने त्याचा उपयोग मोटारीच्या ब्रेकला केला. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीला आणि १९२४ मध्ये क्रायस्लरला चारही चाकांचे तेलाचे ब्रेक मिळाले. १९२८ सालची प्लिमथ ही त्या मानाने स्वस्त गाडी पहिल्यापासूनच तेलाच्या ब्रेकची होती. शेव्हरोलेटने १९३६ साली ते घेतले. हेन्री फोर्डचा मात्र लोखंडी सळईवर फार विश्वास होता. त्याच्या गाड्यांना तेलाचे ब्रेक १९३९ साली मिळाले.

येथे आपल्या शेजारच्या सोलापूरचा संबंध येतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. देशात मोटारी व्हाव्यात म्हणून त्यांनी फोर्डचे दार ठोठावले. ते जमले नाही तेव्हा क्रायस्लर कंपनीशी करार केला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या जातीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो हे मालट्रक आपल्या रस्त्यांवर पुष्कळ वर्षे दिसत. क्रायस्लरच्या घराण्यातल्या या गाड्या म्हणजे तेलाच्या ब्रेकच्याच गाड्या. त्या आल्या तशी मिस्त्रींची विद्याही बदलली. सळया ताणणारा हात आता नळ्या, रबरी वाट्या आणि ब्रेक ऑईल यांकडे वळला.

दुसरे महायुद्ध हा या इतिहासातला मोठा टप्पा. पेट्रोल दुर्मिळ झाले आणि प्रवासी मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून गॅसवर चालू लागल्या. नवे सुटे भाग मिळेनात. जुनेच ढोल, जुनेच शू पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरणे भाग पडले. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या जिपा आणि अमेरिकन मालट्रक लिलावातून बाजारात आले. १९४५ साली निघालेल्या महिंद्रांच्या कंपनीने पुढे विलिस जिपांची जोडणी मुंबईत सुरू केली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादच्या मुक्तीसाठी भारतीय फौजा सोलापुराहून हद्द ओलांडून आत शिरल्या, नळदुर्गचा पूल हाती आला, तुळजापुरासही चकमक झाली. या परिसरातल्या लोकांनी जीप गाडी मोठ्या संख्येने पाहिली ती बहुधा त्या दिवसांत. करोडगिरीचा नाका गेला, हद्द गेली, आणि घाट सर्वांना मोकळा झाला.

जिपेचा ब्रेक तेलाचा, चारही चाकांना. हातब्रेक मात्र मागच्या चाकांवर नसून गिअरपेटीमागच्या दांड्यावर. म्हणजे मॉडेल टीचा जुना दोष थोड्या अंशाने येथेही उरलाच होता. त्याहून मोठा दोष असा की, त्या काळच्या सर्व तेलाच्या ब्रेकांत चारही चाकांची नळी एकच. एका चाकाशी ती फुटली की तेल वाहून जाई आणि चारही ब्रेक एकदम जात. पुढची आणि मागची नळी निराळी ठेवली तर निदान अर्धा ब्रेक शिल्लक राहतो, हे अमेरिकेत १९६२ च्या सुमारास काही गाड्यांत आले आणि १९६८ पासून तेथे नव्या मोटारींना कायद्याने सक्तीचे झाले. आपल्याकडे एकेरी नळीच्या जुन्या गाड्या त्यानंतरही बरीच वर्षे घाट चढत-उतरत होत्या. अशा गाडीत तपासणी चुकली तर दुसरा उपाय नव्हता.

ही तपासणी कशी होई ते आता पाहू. पहिली परीक्षा पायाची. पेडल दाबल्यावर घट्ट लागले पाहिजे. ते फार खाली गेले तर पट्टे झिजले आहेत. दाबताना मऊ, स्पंजासारखे लागले तर नळीत हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत गेले तर मास्टर सिलिंडर गळतो आहे. नंतर चाकाची पाळी. गाडी जॅकवर घेऊन चाक आणि ढोल काढावयाचे. ढोलाच्या आतल्या अंगावर बोट फिरवून चरे पडले आहेत का, तडा गेला आहे का ते पाहावयाचे. शूवरचा पट्टा, ज्याला गॅरेजात लायनर म्हणतात, तो रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजला असेल तर त्याच दिवशी बदलला पाहिजे, कारण रिव्हेट ढोलाला लागला की ढोल खरवडला जातो. चाकाच्या सिलिंडरभोवती ओल दिसली तर आतली रबरी वाटी गेली असे समजावे. पट्ट्यावर तेल उतरले असेल तर तो पुसून, धुऊन पुन्हा लावू नये.

लायनर बदलणे हेही कसबाचे काम होते. जुने रिव्हेट काढून नवा पट्टा शूवर मधून बाहेरच्या टोकांकडे ठोकीत न्यावयाचा, म्हणजे तो मध्ये फुगत नाही. टोके किंचित तासावयाची, म्हणजे ब्रेक धरताना कचका बसत नाही. एका आसावरील दोन्ही चाकांचे लायनर एकाच वेळी बदलावयाचे. मग नळीतली हवा काढावयाची. एकजण पेडल दाबी, दुसरा चाकाशी बसून नळीचे तोंड सैल करी, आणि बुडबुडे थांबेपर्यंत हा क्रम चाले. साधारणतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करावयाचा. ब्रेक ऑईलच्या जागी इंजिनाचे तेल घातले तर रबरी वाट्या फुगतात आणि ब्रेक जातो, हा धडा अनेकांना महाग पडला. जुने ब्रेक ऑईल एरंडेल आणि मद्यार्क यांच्या मिश्रणाचे असे. एरंडेल रबराला बाधत नाही, म्हणून ते निवडले होते. आपल्या घरच्या औषधातला हा पदार्थ परदेशी गाडीच्या नळीतून फिरत होता, हे कित्येकांस ठाऊक नसेल.

हे सारे ज्ञान इंग्रजी पुस्तिकांतून होते. परंतु ज्या पोरांनी ते उचलले त्यांतल्या पुष्कळांना ती पुस्तके वाचता येत नव्हती. पोरगा प्रथम क्लीनर म्हणून लागे. घाटात गाडी अडली की उडी मारून चाकामागे दगड लावणे हे त्याचे पहिले काम. मग तो गॅरेजात पाने देऊ लागे, मग चाक खोलू लागे, आणि दहा वर्षांनी ‘उस्ताद’ होई. दुसऱ्याच्या जिवाची जोखीम आपल्या बोटांत आहे याची जाण त्याला शिकवणीबरोबरच मिळत असे.

या शिक्षणाची एक किंमत मात्र त्याच्याकडून न सांगता वसूल झाली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस वापरू लागले, कारण ते उष्णतेने जळत नाही. ढोल उघडला की आत काळसर भुकटी असे. पोरगा ती फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवीत असे. ही धूळ फुप्फुसांत बसते आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी दमकोंडीचा विकार किंवा कर्करोग उभा करते. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांना होणारा दमकोंडीचा विकार इंग्लंडात १९३० च्या सरकारी अहवालात नमूद झाला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा कामगारांच्या आरोग्याचा हक्क १९९५ च्या निकालात उचलून धरला. पण गॅरेजातला पोरगा कोणत्याच हजेरीपटावर नव्हता. आपण सुखरूप घाट उतरलो त्या हिशेबात त्याचा खोकलाही धरला पाहिजे. आज ॲस्बेस्टॉसविरहित पट्टे मिळतात. जुनी गाडी उघडताना ढोल कोरडा न फुंकता ओल्या फडक्याने पुसावा, एवढे तरी प्रत्येक गॅरेजमालकाने पाहावे.

आता कायद्याविषयी दोन शब्द. १९१४ च्या मोटार कायद्याने इंग्रजी मुलखात नोंदणी आणि परवाना आला. १९३९ च्या कायद्याने भाड्याच्या वाहनाला योग्यतेचा दाखला लागू केला. १९८८ च्या कायद्यात तीच तरतूद ५६ व्या कलमात आहे. प्रवासी वाहतूकही सरकारी झाली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी सुटली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली आजचे राज्य परिवहन महामंडळ झाले. एस.टी.ने मोठी गोष्ट केली ती अशी की, गाडी रोज आगारात परत यावी आणि ठरल्या मुदतीने उघडून पाहिली जावी, हा परिपाठ घातला. खासगी उस्तादाच्या जाणिवेवर जे अवलंबून होते ते आगाराच्या वहीत आले.

मुंबईतले जनरल मोटर्सचे व फोर्डचे ते पहिले कारखाने १९५४ च्या सुमारास बंद झाले. देशातच भाग बनवा, नाहीतर जोडणी बंद करा, असे सरकारी धोरण ठरले होते. टाटा आणि लेलँड यांच्या गाड्या आल्या, आणि फोर्ड, डॉज ही नावे हळूहळू मोडीच्या बाजारात गेली. घाटातून आज चौपदरी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ जातो. वाट रुंद झाली, ब्रेक पुष्कळ सुधारले. म्हणून आता चिंता नाही असे कोणी म्हणेल.

मला तसे वाटत नाही. भाड्याच्या गाडीला दाखला लागतो. परंतु घरच्या गाडीला नोंदणीनंतर १५ वर्षे कोणीही ब्रेक दाखव म्हणत नाही, आणि देवीच्या दर्शनाला येणारी पुष्कळ कुटुंबे आज घरच्या गाडीने येतात. आश्विनी पौर्णिमेला सोलापुराहून पायी चालणाऱ्यांची रीघ याच वाटेवर असते. उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक गेला तर संकट गाडीतल्या माणसांपुरते राहत नाही. त्यातून पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करण्याची खोड काहींना अजून आहे. ज्या ब्रेकला इंजिनाच्या ओढीचे साहाय्य असते तो इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा दाबताच जड होतो, हे अशांनी लक्षात ठेवावे.

नवी गाडी घेतली की आपण ती आईच्या दारी आणतो, नारळ फोडतो आणि चाकाखाली लिंबू ठेवतो. खंडेनवमीला गॅरेजातली हत्यारे पुजली जातात. या श्रद्धेला माझा विरोध नाही. वर्षातून त्याच दिवशी चाक उघडून आतला शू पाहण्याचा रिवाज मात्र आपण तिला जोडावा, आणि ज्या हातांनी तो पाहिला त्यांना दक्षिणा द्यावी. जुन्या उस्तादांची नावे आता कोणास सांगता येणार नाहीत. त्यांनी घालून दिलेली शिस्त आपण पाळली तर त्यांची आठवण राहील, आणि घाट उतरणारे प्रत्येक कुटुंब सुखरूप घरी पोहोचेल.